गोलची चादर

सोलापुरात फुटबॉलची लीग खेळली जाते, हे सोलापुरातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही आणि उरलेल्या निम्म्यांचं त्यावाचून काही अडत नाही. मी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंगला आहे. माझा भाऊ फुटबॉल खेळतो असं मी तिथे पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा शेजारच्या मशीनवरची बाई म्हणाली, "म्हंजे कामधंदा न्हाय म्हन की." मी तिच्याशी कितीतरी दिवस बोलले नाही. माझा राग एकदा आला की पाहुण्यासारखा जात नाही, मुक्कामालाच राहतो.

लीग दिवाळीनंतर सुरू होते आणि ऊन कडक व्हायला लागलं की संपते. पोलिसांचा एक संघ, रेल्वेवाल्यांचा एक, एखाद्या कॉलेजचा, बाकीचे पेठांमधल्या पोरांचे. मैदान काळ्या मातीचं, पाऊस संपला की भेगाळतं, आणि त्या भेगांवर कुणीतरी मुरूम टाकून जातं. गोलच्या जाळ्या फाटल्या की पोरं कारखान्यातला सुताचा गुंडा आणून शिवतात. शेवटच्या दिवशी मांडव पडतो, माइक येतो, पाहुणा उशिरा येतो. जिंकलेल्या संघाला करंडक आणि लीगमध्ये सर्वांत जास्त गोल करणाऱ्याला सोनेरी मुलामा दिलेला एक लहानसा कप, एवढंच बक्षीस असायचं. पण त्या कपासाठी पोरं वर्षभर झुरायची.

माझा भाऊ झुरायचा आणि त्याच्याहून जास्त आमचे आबा झुरायचे. आबांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता. मंद्रूपहून तरुणपणी ते शहरात आले आणि भवानी पेठेतल्या एका कारखान्यात जेकार्डच्या मागावर लागले, ते तिथेच म्हातारे झाले. जेकार्ड म्हणजे नक्षी विणणारा माग. वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते आणि त्या भोकांप्रमाणे खाली चादरीत मोर उठतो, कमळ उठतं, नाहीतर अक्षरं उठतात. आबांच्या हातून सगळ्या जगाची नावं विणून गेली. साखर कारखान्यांची, पुढाऱ्यांची, लग्नात आहेर करणाऱ्यांची. "आपलं बी नाव कुटंतरी लागू दे की," असं ते म्हणायचे, आणि म्हणताना भावाकडे बघायचे.

आई गेली तेव्हा भाऊ शाळेतही जात नव्हता. त्याला मीच वाढवला. लग्नाचं वय कधी येऊन गेलं ते मला कळलं नाही, आणि कळलं तेव्हा फार वाईटही वाटलं नाही, कारण घरात तो होता. तो जेवताना सुद्धा ताटासमोर पाय हलवत बसायचा. मी ओरडले की हसायचा आणि दुसरा पाय हलवायचा.

तो ज्या वर्षी गेला, त्या वर्षी लीगमध्ये त्याचे गोल सगळ्यांत जास्त होत आले होते. त्याचा संघ फायनलला जाणार नव्हता, त्यामुळे हातात एकच सामना उरला होता आणि बरोबरीत असलेल्या पोराला मागे टाकायला एक गोल कमी पडत होता. आबांनी कारखान्यात सगळ्यांना सांगून टाकलं होतं की कप आपल्याच घरी येतोय. सामना बघायला ते मैदानावर गेले. मी गेले नव्हते, कारखान्यात जूनच्या गणवेशांची घाई तेव्हापासूनच सुरू झाली होती.

पुढचं मला त्याच्या संघातल्या पोरांनी सांगितलं. उंच आलेल्या चेंडूवर भाऊ डोकं मारायला उडाला, समोरच्या संघाचा डिफेंडरही उडाला, आणि चेंडू राहिला बाजूला, दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. तो डिफेंडर अकलूजचा होता, नोकरीसाठी सोलापुरात आलेला. त्याला काही झालं नाही. भाऊ खाली पडला, मग उठून बसला, कडेला जाऊन पाणी प्यायला, परत मैदानात आला आणि गोल मारला. पोरांनी त्याला खांद्यावर घेतला.

मी कामावरून आले तेव्हा तो झोपलेला होता. डोकं दुखतंय म्हणून काही न खाता झोपलाय, असं आबा म्हणाले. सकाळी मी त्याला उठवायला गेले, तर तो उठला नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की डोक्यात रक्तस्राव झाला होता. मार लागला त्याच क्षणी खेळ थांबवून आणला असता, तर गोष्ट वेगळी असती, असंही ते म्हणाले. आबा भिंतीला टेकून उभे होते. ते हळूहळू खाली बसले.

डॉक्टरांच्या बोलण्यातला एकच शब्द माझ्या डोक्यात राहिला, मार. मार म्हटलं की मारणारा आला. मला मारणारा मिळाला होता आणि तो अकलूजचा होता. तिसऱ्या दिवशी तो आमच्या दारात आला. उंच, काळासावळा, कपाळावर अजून टेंगूळ. मी त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. जे तोंडाला येईल ते बोलले, त्याच्या आईबापापर्यंत गेले, आणि पुन्हा या गल्लीत दिसलास तर पाय मोडून पाठवीन म्हणाले. गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यानं एकदा माझ्या खांद्यावरून आत बघितलं, मान खाली घातली आणि निघून गेला. आबा आतच होते, माझा शब्दन्‌शब्द त्यांना ऐकू जात होता. ते बाहेर आले नाहीत आणि पुढेही कधी त्या विषयावर बोलले नाहीत. मला वाटलं, माणूस दुःखानं मुका झालाय.

फायनलच्या दिवशी भावाचा कप आबांनी जाऊन घेतला. पुढच्या वर्षी लीग सुरू व्हायच्या आधी ते संयोजकांकडे गेले आणि म्हणाले, इथून पुढं हे बक्षीस माझ्याकडून. कप नको, मी चादर देणार. तेव्हापासून या बक्षिसाला सगळेजण गोलची चादर म्हणायला लागले. मालकाची परवानगी काढून आबा ती रविवारी विणायचे. तपकिरी जमिनीवर पांढरा चेंडू, एका काठावर माझ्या भावाचं नाव, दुसऱ्या काठावर त्या वर्षी सर्वांत जास्त गोल करणाऱ्याचं नाव. नाव बदललं की तेवढे पुठ्ठे नव्यानं भोकं पाडून घ्यावे लागतात, ते काम एका दिवसात होत नाही. त्यामुळे फायनल व्हायच्या आधीच कुणाचे गोल जास्त होणार ते ठरवून नाव विणायला लागायचं.

एकदा त्यांचा अंदाज चुकला. फायनलमध्ये रेल्वेच्या एका खेळाडूनं धडाधड गोल मारले आणि चादरीवर नाव होतं दुसऱ्याचंच. विणलेलं नाव काही खोडरबरानं पुसता येत नाही. त्या खेळाडूनं ती चादर तशीच घेतली, हसत हसत पांघरली, आणि त्याचे दोस्त आजही त्याला चादरीवरच्या नावानंच हाक मारतात. त्या दिवशी आबाही हसले होते. भाऊ गेल्यानंतर त्यांना हसताना मी तेवढंच बघितलं.

अकलूजचा खेळत राहिला. मला वाटलं होतं, सोडेल, निदान लाज वाटून तरी. पण उंच चेंडूला तो उडी मारेनासा झाला. उडी न मारणारा डिफेंडर कोण ठेवून घेईल? त्याच्या संघानं त्याला पुढे टाकला, तर त्याचे पाय असे चालायला लागले की दरवर्षी निम्म्या लीगपर्यंत त्याचेच गोल सगळ्यांत जास्त. आणि दरवर्षी शेवटच्या सामन्यांत त्याला काहीतरी व्हायचं. समोर गोलकीपर एकटा असला तरी हा चेंडू दुसऱ्याला द्यायचा. एका वर्षी पेनल्टी मिळाली, तर यानं चेंडू उचलून सोबत्याच्या हातात दिला. मी कडेला बसून हे बघायची. दरवर्षी आबांबरोबर मैदानावर जायची ती कशासाठी, ते सरळच सांगते. हा हरताना बघायला जायची. मन खातंय मेल्याचं, असं मी मनात म्हणायची, आणि मला बरं वाटायचं.

यंदा हिवाळ्यात आबांच्या कारखान्याच्या मालकानं माग भंगारात काढायचे ठरवले. तसे अनेक कारखाने बंद झालेत, रडायला कुणाला वेळ नाही. जेकार्डचा माग शेवटी जाणार होता, कारण आबांनी मालकाला हात जोडून सांगितलं होतं, एवढी एक चादर होऊ द्या. फायनलच्या आधीच्या रविवारी मी त्यांचा डबा घेऊन कारखान्यात गेले. बाकीच्या मागांच्या जागी जमिनीवर तेलाचे डाग तेवढे राहिले होते. चादर जवळजवळ विणून झाली होती. एका काठावर भावाचं नाव नेहमीसारखं होतं. दुसऱ्या काठावर काय आहे ते मी वाचलं आणि डबा तसाच खाली ठेवला.

"आबा, हे कुणाचं नाव विणलंय तुमी?"

"त्याचेच गोल जास्त हायत की," ते म्हणाले.

"ज्यानं आपलं पोर खाल्लं त्याचं नाव? ह्याच्या नावाशेजारी?"

आबांनी काठावरचा एक सुटा धागा कात्रीनं कापला. मग म्हणाले, "त्याचंच विणायचं राहिलंय. आता पुन्हा माग न्हाय, पुन्हा चादर न्हाय."

मी त्यांना खूप बोलले. तुम्हाला पोरापेक्षा बक्षीस प्यारं आहे म्हणाले, आई असती तर तिनं तुमच्या तोंडाकडे बघितलं नसतं म्हणाले.  मी डबा तिथेच टाकून घरी आले आणि फायनलपर्यंत आमच्यात पाणी दे, दार लाव याच्या पलीकडे बोलणं झालं नाही.

फायनलला मी त्यांच्यासोबत गेले. जायचं नाही असं ठरवूनही गेले, कारण तो अकलूजचा या वर्षीही चेंडू दुसऱ्याला देईल आणि आबांची चादर वाया जाईल, याची मला मनापासून आशा होती. समोर कॉलेजचा संघ होता. त्यांचा एक पोरगा गोलांच्या हिशेबात अकलूजच्याच्या मागोमाग होता, आणि त्यानं त्या दिवशी असे गोल मारले की तो त्याच्याही पुढे निघून गेला. मी मांडवाच्या सावलीत बसून शेंगा फोडत होते. आबांच्या मांडीवर घडी घातलेली चादर होती.

सामना संपत आला तेव्हा अकलूजच्याला चेंडू मिळाला. कॉलेजचा गोलकीपर पुढे येऊन घसरून पडला होता, गोल उघडा होता. त्यानं चेंडू पायाखाली थांबवला आणि थेट आमच्याकडे बघितलं. मला वाटलं माझ्याकडे बघतोय. पण तो आबांकडे बघत होता. आबा उभे राहिले, त्यांच्या मांडीवरची चादर मातीत पडली, आणि ते सगळा जोर लावून ओरडले, "मार की रं."

त्यानं मारला नाही. बाजूच्याला दिला, त्याच्या पायातून चेंडू निसटला आणि बाहेर गेला. त्याच्याच संघातले त्याला आईवरून शिव्या देऊ लागले. आबा खाली वाकले, चादर उचलली, तिच्यावरची माती झटकत राहिले. माती निघाली तरी ते थांबेनात, शेवटी मला राग विसरून त्यांना धरून खाली बसवावं लागलं.

बक्षिसं सुरू झाली. निवेदकानं सर्वांत जास्त गोलसाठी कॉलेजच्या पोराचं नाव पुकारलं आणि नेहमीप्रमाणे आबांना व्यासपीठावर बोलावलं. आबा चढले, पण पोराच्या खांद्यावर चादर टाकायच्या आधी त्यांनी निवेदकाच्या हातातला माइक घेतला. इतक्या वर्षांत ते माइकवर कधी बोलले नव्हते. त्यांनी अकलूजच्याला नावानं हाक मारली. तो येईना, तेव्हा दोघातिघांनी त्याला धरून वर चढवला.

"पोरा, तुजं बक्षीस तुला मिळंल, मी दुसरं देतो," आबा कॉलेजच्या पोराला म्हणाले. मग लोकांकडे वळले. "माज्या पोराचं आन ह्याचं डोकं आपटलं, तवा पोरगं माज्याजवळ आलं हुतं. म्हनलं, आबा, गरगरतंय, उतरतो. मी म्हनलो, एकच गोल पायजे, एवढा मार आन मग उतर. ह्यो तितंच हुता. ह्यो मला म्हनला, काका, उतरू द्या त्याला. मी ह्याला म्हनलो, तुला तेच पायजे की, त्यो उतरला की तुमी जितताय." ते थांबले. मला वाटलं संपलं. "ह्यानं माज्या पोराला मारलं न्हाय. मी मारलं. एका कपासाटी."

 मग पाहुण्यांनी टाळी वाजवली. त्यांची बघून पुढच्या खुर्च्यांनी वाजवली, आणि बघता बघता सगळं मैदान टाळ्या वाजवायला लागलं. निवेदकानं आबांच्या हातून माइक हळूच सोडवून घेतला. "बापाचं काळीज किती मोठं असतं, ते आज आपण पाहिलं," तो म्हणाला. "सगळा दोष स्वतःवर घेऊन या बापानं एका खेळाडूला माफ केलं." आबा मान हलवत होते, न्हाय न्हाय म्हणत होते, पण माइक आता त्यांच्याकडे नव्हता. पाहुण्यांनी आपल्या अंगावरची शाल काढून त्यांना घातली. फोटोसाठी आबांना आणि अकलूजच्याला शेजारी उभं केलं आणि चादर दोघांच्या मधे धरायला लावली. काही बायका पदरानं डोळे पुसत होत्या. सगळ्या मैदानात आबांवर विश्वास ठेवणारं कुणीच नव्हतं.

मी मांडवाच्या मागे गेले. अकलूजचा एका पालथ्या घमेल्यावर बसून बूट काढत होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले. त्या दिवसानंतर मी त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होते.

"खरं आहे का आबा म्हणाले ते?"

"व्हय, ताई."

"मग आलास तेव्हा बोलला का नाहीस?"

"त्येच सांगायला आलतो," तो म्हणाला. "तुमी दारात हुता. आत काका बसलेले दिसले. त्येंच्या तोंडाकडं बगितलं आन म्हनलं, राहू दे. तुमास्नी कुनावर तरी चिडायचंच हुतं, मग माज्यावर चिडा. मी काय तुमच्या घरात राहत न्हाय." त्यानं मोजे काढून बुटात कोंबले. "त्याचा शेवटचा गोल मीच होऊ दिला, ताई. आडवा गेलोच न्हाय. म्हनलं, लवकर होऊ दे त्याचा गोल, लवकर उतरू दे. तवापासनं बक्षिसाचा गोल माज्या पायातनं निगत न्हाय."

मी त्याची माफी मागायला हवी होती. ती मी मागितली नाही. तो उठला, चादरीची घडी नावं आतल्या बाजूला येतील अशी घातली, पिशवीत ठेवली आणि स्टँडकडे निघून गेला.

मी आबांना स्कूटीवर मागे बसवून घरी आणलं. पाहुण्यांची शाल त्यांच्या अंगावर तशीच होती. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतले लोक येऊन त्यांना बघून जाऊ लागले. तुमचे आबा लई मोठ्या मनाचे, असं मला सांगू लागले. सुरुवातीला आबा प्रत्येकाला समजावून सांगायचे, तसं न्हाय, खरंच मीच उतरू दिलं न्हाय. लोक त्यांचा हात हातात घ्यायचे आणि म्हणायचे, कशाला मनाला लावून घेताय. आता ते सांगत नाहीत.

माझा राग इतकी वर्षं त्या अकलूजच्याकडे राहत होता, ते मला सोयीचं होतं. आता तो माझ्याच घरात, समोरच्या खाटेवर झोपतो. मला कळतं की माणूस म्हातारा झालाय, की त्यानं पोराचं वाईट चिंतलं नव्हतं, की भर मांडवात उभं राहून खरं बोलायला छाती लागते. सगळं कळतं. पण 'आबा, गरगरतंय' एवढे दोन शब्द मला भावाच्या आवाजात ऐकू येतात आणि मग मला काहीच कळेनासं होतं. मी त्यांचं सगळं करते. वेळेवर गोळ्या देते, भाकरी दुधात कुस्करून देते, अंघोळीचं पाणी काढते. इथे लिहिताना आबा असं लिहिलं, कारण कागदावर दुसरं काय लिहिणार. तोंडानं मात्र मी त्यांना त्या दिवसापासून आबा म्हणून हाक मारलेली नाही. चहा ठेवते आणि 'चहा' म्हणते, ताट वाढते आणि 'जेवा' म्हणते. हे त्यांच्या लक्षात आलंय. त्यांनी अजून एकदाही विचारलेलं नाही की का.